मोकळी बारी

मला अजून घाट स्वप्नात दिसतो. शहरातल्या वाचकांनी लगेच दरी, धबधबा आणि भज्यांची गाडी डोळ्यांपुढे आणू नये. आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हणजे बैलगाडे पळवायची वाट. गावाबाहेरच्या माळावर खालून वर चढत गेलेली आणि दोन्ही अंगांना मातीचे बांध घातलेली. स्वप्नात भंडाऱ्यानं हवा पिवळी झालेली असते, बांधांवर माणूस मावत नसतो आणि आवाज मात्र कशाचाच नसतो. मी खाकी कपड्यांत वाटेच्या मधोमध उभा असतो, पायात बूट नसतात. खालून काहीतरी येतंय हे मला पक्कं ठाऊक असतं, तरी मला घाई वाटत नाही. मग जाग येते. बायको विचारते, "परत घाटात गेला व्हता का?" मी हो म्हणतो आणि ती चहा ठेवायला उठते.

संपादकांनी पोलीसखात्यातले थरारक अनुभव मागितले आहेत. त्यांची निराशा होणार. मी कुणा दरोडेखोराशी झुंजलो नाही. बंदूक हातात घेतली ती वर्षातून एकदा, सरावापुरती. बाकीची सगळी नोकरी लोकांना "मागं सरा" म्हणण्यात गेली. यात्रा, मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा, रस्त्यावरचा अपघात, धरणाचं पाणी सुटताना पुलावर जमलेली पब्लिक, जिथे जिथे माणसाला पुढे सरकायची हौस येते तिथे तिथे आम्हाला उभं करतात. याला बंदोबस्त म्हणतात. बंदोबस्त नीट झाला तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून कुणाला कधी हार घातल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी मूळचा तळेघरच्या बाजूचा. आमच्याकडे भात आणि नाचणी, एसटी आली तर आली, बाकी सगळं पायी. बैल आमच्याकडेही होते, पण गुडघाभर चिखलात औत ओढणारे, विचार करून पाऊल टाकणारे. पळणारा बैल मी नोकरीला लागल्यावर पाहिला. नव्वदनंतर कधीतरी माझी बदली खाली सपाटीवरच्या ठाण्यात झाली आणि आलेल्या पहिल्याच चैत्रात मला घाटाच्या बंदोबस्ताला धाडलं. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. मागून कुणीतरी माझी कॉलर धरली आणि मला वाटेतून बाहेर ओढलं.

"नवा दिसतोयस," बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं. "बंदोबस्ताला आलायस का शरयतीला?"

ते हवालदार ज्ञानोबा वाळुंज. अंगानं चांगले भरलेले आणि आवाज मात्र इतका किरकोळ की फोनवर लोक त्यांना "ताई" म्हणायचे. सगळा तालुका त्यांना नाना म्हणायचा. पुढची काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. गर्दी म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं.

आधी बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकं आणि नावापुरतं लाकूड. त्याला चार बैल जुंपतात, पुढे घोडी पळते आणि घोडीवर स्वार असतो. छकड्यावर मात्र आमच्याकडे कुणी बसत नाही. म्हणजे गाडा एकदा खालून सुटला की त्याला लगाम नाही, ब्रेक नाही आणि हाक ऐकणारा माणूसही नाही. वरच्या टोकाला निशाण पडतं, तिथे जिगरबाज पोरं बैलांना धरतात, तोवर तो थांबत नाही. अशा एका धावेला बारी म्हणतात. बारी सुरू होऊन संपेपर्यंत हातावरची तंबाखू मळूनही होत नाही.

यात पोलिसाचं काम एकच, घाट मोकळा ठेवणं. वाचायला सोपं आहे. प्रत्येक गाड्याबरोबर त्याची माणसं येतात, आणि ती बांधावर बसत नाहीत. ती वाटेत उतरतात, भंडारा उधळतात, उपरणी फिरवतात. आपलं माणूस पुढे दिसलं की बैल जोर करतो, ही इथली पक्की समजूत. गाडा अंगावर आला की अगदी शेवटच्या क्षणी बाजूला उडी मारायची, आणि जो सगळ्यांत उशिरा उडी मारेल त्याचं गावात नाव. एकाला बाहेर काढावं तर तेवढ्यात पलीकडून दुसरे चौघे उतरतात. काठी उगारली तर हसतात. साहेब आले की तेवढ्यापुरते मागे होतात आणि साहेबांची जीप वळली की पुन्हा वाटेत.

नानांची रीत वेगळी होती. सकाळी घाटावर आले की ते आधी फक्कीची पाटी मागवायचे. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. वाकून, धापा टाकत, दोन्ही बांधांच्या कडेनं ते स्वतः रेघ ओढायचे. मग भेटेल त्याला सांगायचे, "ह्या रेघंच्या आत बैलाचं राज्य, भाईर तुमचं. दुसऱ्याच्या राज्यात बिनपरवाना घुसू नका राव." माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, बैलांची सगळी राहायची. "ए सर्जाच्या मालका, मागं हो," असं म्हटलं की तो गडी आपल्या बैलाचं नाव निघालं म्हणून खूश होऊन दोन पावलं मागे व्हायचा. दोन पावलंच. पण नाना म्हणायचे, आपल्याला तेवढीच लागतात.

एकदा पिंपरी पेंढारकडच्या उसात वन खात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या अडकला. आम्ही पोचलो तर अर्धा तालुका आधीच आलेला. कुणी पिंजऱ्यात ऊस खुपसतोय, कुणी त्याच्या डरकाळीला डरकाळीनं उत्तर देतोय. पिंजऱ्याचं दार जुनं, खिळखिळं.  नाना शांतपणे गर्दीतून आत गेले, बिबट्याकडे पाठ करून पिंजऱ्यापासून थोड्या अंतरावर चक्क मांडी घालून बसले आणि पिशवीतून तंबाखू काढली. "बसा की भाऊ," समोरच्याला म्हणाले, "कांदा काढला का न्हाई अजून?" तो बसला. त्याच्या मागचा बसला. बसलेल्या माणसाला पुढे ढकलता येत नाही आणि बसलेल्याला ओलांडून जायला मागच्याला लाज वाटते. वन खात्याची गाडी येईपर्यंत शेतात नुसती बैठक भरली होती. कांद्यावरून ऊस, उसावरून सोयरिकी. बिबट्यासुद्धा गप्प झाला होता. नंतर जीपमध्ये बसल्यावर मी पाहिलं, नानांचा सदरा मागून घामानं ओला झाला होता. "भ्यालो व्हतो की," ते म्हणाले. "पर ते पाठीला. तोंडाला कुठं दिसत व्हतं?"

शर्यती संपल्या की आम्ही घाटाच्या वरच्या टोकाला कडुलिंबाखाली भाकरी सोडायचो. माणसं पांगलेली असायची, वाटेवर भंडारा, तुटकी पायताणं, चेंगरलेल्या टोप्या. नाना डोळे अर्धवट मिटून खाली बघत राहायचे आणि दरवर्षी तेच बोलायचे. "गवारी, मला एकदा हा घाट मोकळा बघायचाय. बारी चाललेली, बांधावर समदी दुनिया, आन वाटंत चिटपाखरू न्हाई. रिटायर व्हायच्या आदी येकदा." मी म्हणायचो, आता मोकळाच आहे की. ते मान हलवायचे. "हा मोकळा न्हाई. हा रिकामा हाय."

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. ज्या गावचा हा घाट, त्या गावचं नाव मी लिहीत नाही. गाव माझं सासर असल्यासारखं आहे, तिथे मला अजून जायचंय. तात्या तिथले जुने गाडामालक. यात्रेतल्या पहिल्या बारीचा मान त्यांच्या घराण्याचा. आमच्याकडे मान म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला निम्मा तालुका कळला. नारळ कुणी फोडायचा, काठी कुणी धरायची, पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून भावकी बोलेनाशी होते, पण दुसऱ्याच्या मानाला हात लावायची छाती कुणाची होत नाही.

तात्यांची आणि नानांची दरवर्षी जुंपायची. घाट अर्ध्यावर गेला की किंचित वळतो. तात्या नेमके त्या वळणावर वाटेत उभे राहायचे, पांढरा फेटा, हातात भंडाऱ्याची परात. नाना त्यांना हाताला धरून बाहेर आणायचे.

"नाना, तुमी लोकास्नी सांगा. मला नका सांगू," तात्या फणकारायचे. "माझी बैलं मला वळखत्यात. माझ्या हातची भाकर खाऊन वाढलीत. मला शिवायची न्हाईत ती."

"तुमास्नी वळखत्यात, कबूल. छकड्याला डोळं हायेत का, तात्या?"

मग दुपारी दोघं तात्यांच्या वस्तीवर एका पंगतीला पुरणपोळी खायला बसायचे.

त्या वर्षीही नानांनी तात्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं. मी पलीकडच्या बांधाजवळ होतो, सगळं समोर दिसत होतं. पुकारणाऱ्यानं माईकवरून तात्यांचं नाव घेतलं, पहिली बारी सुटली, खालून आरोळी उठली. आणि तात्या पुन्हा आत शिरले. म्हाताऱ्याला राहवलं नाही, एवढंच. परात उंच करून ते वळणावर उभे राहिले. बैल आले. बैलांनी तात्यांना ओळखलं, हे मी शपथेवर सांगतो. पुढची जोडी त्यांना टाळून एका अंगाला झाली. पण बैल वळले की मागचा छकडा फेकला जातो, तो तात्यांच्या अंगावर आला. नाना कसे पोचले मला कळलं नाही. एवढा जड माणूस. त्यांनी तात्यांना दोन्ही हातांनी लोटलं आणि मला फक्त पिवळा धुरळा दिसला. त्यातून तात्यांची परात गडगडत माझ्या पायाशी आली.

जीपमध्ये नानांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रक्त फारसं नव्हतं, त्यामुळे मला आशा वाटत होती. दोन्ही बाजूंना उसाची शेतं हळूहळू मागे जात होती, आणि जीप पळत असूनही सगळं तरंगत चाललंय असं वाटत होतं. नानांनी डोळे उघडले. "बैलं धरली का रं वर?" त्यांनी विचारलं. धरली म्हणालो. खरंच धरली होती. त्यांनी बरं अशी मान हलवली. दवाखाना यायच्या आधी ते गेले.

माझ्या आयुष्यात मी इतका कधी चिडलो नव्हतो. तात्यांवर चिडलो, गावावर चिडलो, उड्या मारणाऱ्या प्रत्येक मर्दावर चिडलो. लोकांना वाटतं पोलीस मरतो तो गोळी लागून. लागते, कुणाकुणाला लागते, त्यांना माझा सलाम. पण आमचे कितीतरी जण असेच जातात. रस्त्यावर गाडी अडवताना, पुराच्या पाण्यात दोर टाकताना, गर्दीत कुणाला तरी मागे ओढताना. त्यांना मारणारा कुणी वैरी नसतो. मारणारी हौस असते, तुमची-आमची.

ऑक्टोबरात पोलिसांचा स्मृतिदिन असतो. वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या सगळ्यांची नावं मैदानावर वाचून दाखवतात. त्या सकाळी मी रांगेत होतो. नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, शामियान्यात पांढऱ्या कापडाच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नावं सुरू झाली. कुठली कुठली राज्यं, कुठल्या कुठल्या भाषांतली नावं. उन्हात उभं राहून ऐकता ऐकता मला झापड आल्यासारखं झालं आणि वाटलं, ही सगळी माणसं एका लांबच लांब वाटेनं चढून चालली आहेत. त्यात नानांचं नाव आलं आणि गेलं. बंदुका उलट्या झाल्या, बिगुल वाजलं. मैदानाच्या कडेच्या झाडावरून पाखरं उडाली आणि पुन्हा येऊन बसली.

परत येताना वहिनी माझ्याबरोबर जीपमध्ये होत्या. मंचरच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, "भावजी, लई चांगलं केलं सायबांनी. खुर्ची दिली, शाल दिली. पर आता फुडल्या चैतात घाट भरंल, तवा मान्सं मागं सरतील का?"

मला खोटं बोलवेना. "न्हाय वाटत, वहिनी," म्हणालो.

"मंग ते कशापायी गेलं?" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून बाहेर बघत राहिल्या.  

यात्रा जवळ आली तशी गावची चार माणसं वहिनींकडे गेली. मलाही बोलावून घेतलं होतं. तात्याही आले होते, दाराशीच बसले. वर्षात त्यांचा देह निम्मा झाला होता. फेटा नव्हता, साधी टोपी होती. त्यांनी गाडा पळवणं सोडलं होतं, बैल दावणीला बांधून होते. गावानं ठरवलं होतं, घाटाच्या तोंडाशी कमान बांधायची आणि तीवर नानांचं नाव घालायचं. बोलणारा चांगलं बोलला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"कमान बांधा न्हायतर नका बांधू," त्या म्हणाल्या. "त्येनला मोकळा घाट बघायचा व्हता. जल्मभर त्येच बोलायचं, जेवताना, झोपताना. येकदा मोकळा घाट दाखवता का, तेवढं सांगा."

चौघं एकमेकांकडे बघू लागले.  मग दाराशी बसलेले तात्या बोलले.

"माझी पयली बारी नानाला दिली."

"म्हंजी?" चौघांतल्या एकानं विचारलं.

"म्हंजी पयल्या बारीला नानाचं नाव पुकारायचं. गाडा जुपायचा न्हाई. घाट मोकळा सोडायचा. बारी नानाची." तात्या वहिनींकडे बघत नव्हते. "पिढ्यान् पिढ्याचा मान हाय आमचा. आता त्यो नानाचा. दर वरसाला."

एक जण अडखळत म्हणाला, "पर तात्या, बैलच न्हाईत तर मान्सं कशाला मागं सरतील?"

  प्रश्न खराच होता. समोर चार बैल धावत येत असताना जी माणसं हलत नाहीत, ती रिकाम्या वाटेसाठी का हलावीत? ठाण्यावर आल्यावर मी साहेबांना सांगितलं. साहेब चांगले होते, नानांना मानणारे. तेही हसले, पण दुःखानं. "गवारी, मोकळ्या घाटात तर लोक जत्रा भरवतील रे," म्हणाले.

यात्रेच्या सकाळी फक्कीची पाटी मी घेतली. रेघ ओढायला वाकलो तेव्हा कळलं, नानांची कंबर का दुखायची. वहिनींना मंचावर खुर्ची होती, पण त्या तिथे गेल्या नाहीत. वळणाजवळ बांधावर बायकांत जाऊन बसल्या. ऊन चढलं, माणसं आली, आणि नेहमीसारखी वाटेत उतरली. रेघ तासाभरात पुसट झाली.  मी मनात म्हणत होतो, आज यांनी नाही ऐकलं तर ही बाई घरी जाऊन काय करील?

माईक खरखरला. पुकारणारा एरवी कुणाच्या बैलाला वाघ म्हणणारा, कुणाच्या घोडीला वीज म्हणणारा, तोंडाचा पट्टा सुटलेला माणूस. त्यानं घसा साफ केला. "पहिली बारी," तो म्हणाला, "पहिली बारी, हवालदार ज्ञानोबा वाळुंज यांची."

कुजबूज झाली. "गाडा कुठाय?" कुणीतरी ओरडलं. कुणी हसलं. वाटेतली माणसं घाटाच्या खालच्या टोकाकडे मान वळवून बैल शोधत होती. मी शिट्टी ओठाला लावली होती, पण वाजवली नाही. का वाजवली नाही, आजही सांगता येत नाही. वळणावर, त्याच जागी, तात्या उभे होते. वाटेत.  मग म्हाताऱ्यानं टोपी काढली, खाली बघून रेघ शोधली आणि सावकाश, पाय ओढत, तिच्या बाहेर गेला.

"मागं सरा," तो आजूबाजूच्यांना म्हणाला. आवाज चढवलासुद्धा नाही. "नानाचा मान हाय."

पोलिसाचा हुकूम मोडायला गावाला मजा वाटते. मान मोडायचा म्हटलं की तेच गाव अंग चोरतं. तात्यांच्या शेजारचा मागे झाला. त्याच्या पुढचा झाला. वळणापासून खाली आणि वर, दोन्हीकडे माणसं सरकत गेली, हातानं एकमेकांना मागे ओढत. कुणी कुणाला ढकललं नाही. कुणी डोक्यावरचं काढलं, कुणी खांद्यावरचं पोर खाली घेतलं. आणि घाट उघडत गेला. मी इतकी वर्षं त्यात उभा होतो, पण त्याची जमीन मी अशी पाहिली नव्हती. तांबूस, वर चढत गेलेली, मधे एक बारीक सावली पडलेली, बांधावरच्या बाभळीची.

काहीच धावत नव्हतं, तरी सगळे खालून वर बघत होते. हजारो माणसांच्या माना हळूहळू खालून वर वळत गेल्या, जणू काही समोरून जातंय. मलाही ते गेल्यासारखं वाटलं. भरलेल्या अंगाचं, धापा टाकणारं, हातात चुन्याची पाटी घेतलेलं. वर निशाण धरणारा ताठ उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण बारी पोचायला हवी तेव्हा त्यानं निशाण खाली टाकलं. आणि मग दोन्ही बांधांवरून भंडारा उधळला गेला. त्या रिकाम्या वाटेवर तो उतरत राहिला, उतरत राहिला. मी सलाम ठोकून उभा होतो आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

नंतर मी वहिनींपाशी गेलो. त्यांच्या केसांवर, पदरावर भंडारा होता. त्या वाटेकडेच बघत होत्या.

"लई रुंद हाय की हो घाट," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, बारका असंल."

दुसरी बारी खरी होती. पुकारा झाला आणि एक तरणाताठा गडी सवयीनं परात घेऊन वाटेत उतरला. मी धावणार, तोवर बांधावरून चार हात आले आणि त्याला सदऱ्याला धरून मागे घेतलं. "नानाच्या वाटंत हुबा ऱ्हातो व्हय रं?" त्याला कुणीतरी झापलं. तो ओशाळला. त्या दिवशी घाट संध्याकाळपर्यंत मोकळा होता.

मी काही चमत्कार सांगत नाही. पुढच्या वर्षांत लोक पुन्हा थोडे सैल झाले, काही घाटांवर तर काहीच बदललं नाही, हाडं मोडली, टाके पडले. मोटारसायकलवर तिघं बसणारे आजही तिघं बसतात आणि मला बघून हात करतात. पण त्या गावात, शर्यतींवर बंदी होती ती वर्षं सोडली तर, पहिली बारी मोकळी जात राहिली. कमानही झाली, तिचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला. तात्या गेले तेव्हा मान नानांकडे तसाच राहिला, त्यांच्या मुलांनी मागे घेतला नाही. वहिनी आता लेकीकडे असतात. दरवर्षी त्या मला फोनवर एकच विचारतात, "सरली का मान्सं?" बहुतेक वेळा मला हो म्हणता येतं.

मी निवृत्त झालो त्यानंतरच्या एका चैत्रातली गोष्ट. निमगाव सावाकडे एका पाहुण्याकडे गेलो होतो. तिथून जवळच्या एका यात्रेत गाडे होते, म्हणून सहज गेलो. अंगात पांढरा सदरा, ओळखणारं कुणी नाही, आयुष्यात पहिल्यांदा बंदोबस्त माझ्याकडे नव्हता. मला फार छान वाटत होतं. ऊन, हलगी, भंडाऱ्याचा वास. बारी सुटल्याची आरोळी आली आणि मी नीट दिसावं म्हणून जरा पुढे झालो. आणखी जरा पुढे. नेहमीच्या स्वप्नातल्यासारखा मी उभा होतो, घाई न वाटणारा.

मागून माझी कॉलर धरून कुणीतरी मला ओढलं.

"ओ पावणं, मागं सरा की," एक अनोळखी शेतकरी माझ्यावर डाफरला. गाडा समोरून गेला, वारा अंगावर आला. खाली बघितलं तर पांढरी रेघ माझ्या पायांपुढे होती. "दिसत न्हाई का? नानाची वाट हाय ती."

 "कोण नाना?" मी विचारलं.

"काय म्हाईत," तो म्हणाला. "पर सरायचं असतं." आणि तो पुढची बारी बघायला खालच्या बाजूला वळला. मी माझे पाय रेघेच्या आणखी थोडे मागे घेतले.